सर्व्हिसिंगनंतर इंजिन ऑइल ‘मॅक्स’च्या वर दिसतंय: गाडी चालवावी का, ऑइल कसं काढावं?

अंबाजोगाईच्या एका शिक्षकांनी विचारलंय. त्यांची २०१७ ची टर्बो डिझेल हॅचबॅक आहे. लातूरला सर्व्हिसिंग करून साठेक किलोमीटर चालवत घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेज (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून बघितलं, तर ऑइल वरच्या, म्हणजे ‘मॅक्स’च्या खुणेच्याही दीड सेंटिमीटर वर. गेजवरच्या दोन खुणांमधलं अंतर दोन सेंटिमीटर. बिलात ऑइल ४ लीटर लावलंय आणि गाडीच्या पुस्तिकेत फिल्टरसह ३.२ लीटर लिहिलंय. वर्कशॉपला फोन केला तर उत्तर आलं, “कमी असण्यापेक्षा जास्त असलेलं बरं, काही होत नाही सर.” परवा घरच्यांना घेऊन छत्रपती संभाजीनगरला जायचंय. जावं का, ऑइल घरी काढता येतं का, की गाडी परत लातूरला न्यावी?

सर, आहे त्या अवस्थेत गाडी संभाजीनगरला नेऊ नका. बीडवरून सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर होतात, त्यात भरलेली गाडी, वर एसी आणि हायवेचा वेग. लातूरहून अंबाजोगाईपर्यंत आली म्हणून इंजिन गेलं असं मात्र नाही, तेवढं मनातून काढून टाका. जादा ऑइल काढून टाकलं की परवाचा प्रवास बिनघोर होईल. काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे आणि अंबाजोगाईतच होण्यासारखं आहे.

पण काढायच्या आधी मोजणं. माझ्या गॅरेजवर “ऑइल जास्त भरलंय” म्हणून येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत ऑइल बरोबर असतं, गेज चुकीचं बघितलेलं असतं. तुमचं गाव बालाघाटाच्या डोंगरावर, गल्ल्या चढ-उताराच्या. दारात लावलेली गाडी डोळ्याला सपाट वाटते, पण पुढचं चाक तीन-चार बोटं वर असलं तरी चेंबरमधलं (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातलं) ऑइल एका बाजूला सरकतं आणि गेज खोटं बोलतं. यावर एक खात्रीचा उपाय आहे. गाडी उभी आहे तिथे रीडिंग घ्या. मग त्याच जागेवर गाडीचं तोंड उलट्या दिशेला करून लावा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा बघा. दोन्ही वेळा ऑइल एकाच ठिकाणी आलं तर जागा सपाट आहे. फरक आला तर खरी पातळी दोन्हींच्या मध्ये समजा. एवढ्यासाठी गाडी सुरू करून हळूच फिरवली तर काही बिघडत नाही, फक्त रेस करू नका.

गेज बघायचीही पद्धत आहे. पहिल्यांदा बाहेर काढलेल्या गेजवर विश्वास ठेवायचा नाही, कारण नळीच्या भिंतीला लागलेलं ऑइल त्याला वरपर्यंत फासलेलं असतं. स्वच्छ सुती फडक्यानं पुसा (धागे सुटणारं फडकं नको), पूर्ण आत बसवा, मुठीची कडा टेकली पाहिजे, दोन सेकंद थांबा आणि सरळ वर ओढा. आता दोन्ही बाजू बघा. एका बाजूला ऑइल बऱ्याचदा ओघळून वर चढलेलं दिसतं. दुसऱ्या बाजूला जिथे आडवी, अखंड ओली कड दिसते ती खरी पातळी. ताजं ऑइल मधासारखं पारदर्शक असतं, नुसत्या डोळ्याला कड सापडत नाही. गेज उन्हात तिरपं धरा, म्हणजे ओला भाग चमकतो. डिझेल गाडीत तर शंभर-दोनशे किलोमीटरमध्येच नवीन ऑइल काळं पडतं, मग बघायला सोपं जातं. ते काळं पडलं म्हणून ऑइल बदललंच नाही असा संशय लोक घेतात, तो डिझेलच्या बाबतीत धरायचा नाही.

तुमचं रीडिंग सकाळचं, थंड इंजिनचं आहे, आणि बिलातला आकडाही त्याच्याशी जुळतो. ४ मधून ३.२ गेले की ८०० मिली जादा. गेजवर दोन खुणांमधलं अंतर बहुतेक छोट्या गाड्यांत एक लीटरच्या आसपास असतं, म्हणजे दीड सेंटिमीटरला पाऊण लीटर. दोन वेगवेगळ्या वाटांनी उत्तर तेच येतंय, तेव्हा उतारावर थोडा फरक धरला तरी तुमच्या गाडीत ऑइल खरंच जास्त आहे. एक ध्यानात ठेवा: चेंबर खाली निमुळतं आणि वर रुंद असतं. त्यामुळे मॅक्सच्या वरच्या एक सेंटिमीटरमध्ये खालच्या एक सेंटिमीटरपेक्षा जास्त ऑइल मावू शकतं. हिशोब अंदाजाचाच धरायचा आणि काढताना पुन्हा पुन्हा गेज बघायचं.

आता “जास्त असलेलं बरं” या वाक्याकडे येतो, कारण ते मला मनापासून खटकतं. लातूर काय, जालना काय, नांदेड काय, सगळीकडे हे ऐकायला मिळतं. उन्हाळ्यात तर “आपल्याकडं ऊन लई, थोडं जास्तच टाकावं” असंही सांगतात. बिचाऱ्या गाडीवाल्याला वाटतं, मेस्त्री म्हणतोय म्हणजे बरोबरच असेल.

चेंबरमध्ये ऑइलच्या वर मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते. तिच्या वर क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, फिरतो. इंजिन ३,००० आरपीएमवर असताना क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतो. पातळी इतकी वर आली की क्रँकची वजनं ऑइलमध्ये बुडायला लागतात, मग रवीनं ताक घुसळावं तसं ते ऑइल घुसळलं जातं आणि त्याला फेस येतो. खरं नुकसान या फेसानं होतं. ऑइल पंप फेसही ओढतो, पण फेसात हवा असते आणि हवा दाबली जाते. बेअरिंगमध्ये जो ऑइलचा पातळ थर धातूला धातूपासून दूर ठेवतो, तो तुटायला लागतो. म्हणजे चेंबरमध्ये ऑइल गरजेपेक्षा जास्त आणि बेअरिंगला मात्र कमी, अशी गत होते. तुमच्या गाडीत टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा आहे. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेतो आणि तो याच ऑइलवर तरंगत असतो. म्हणून टर्बोच्या गाडीत मी जास्त कडक बोलतो.

दुसरं नुकसान ब्रीदरच्या वाटेनं होतं. पिस्टनच्या बाजूनं थोडा गॅस कायम खाली चेंबरमध्ये उतरत असतो. तो ब्रीदरच्या पाइपातून परत हवेच्या वाटेत, म्हणजे इनटेकमध्ये सोडलेला असतो. ऑइल जास्त आणि फेसाळलेलं असलं की या गॅसबरोबर ऑइलचा तुषारही जातो. पेट्रोल गाडीत तो जळून निळसर धूर येतो, प्लग काळे पडतात, आणि असंच महिनोन् महिने चाललं तर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. डिझेल गाडीत तो इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत साचत राहतो. आत दाब वाढला की जिथे सील म्हातारं झालंय तिथून ऑइल बाहेर पडतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं मागचं मेन ऑइल सील गळायला लागलं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लच प्लेट ऑइलनं भिजली तर तीही गेली. पाऊण लीटर ऑइलपायी एवढा खर्च ओढवून घ्यायचा कशाला?

उन्हाचं म्हणाल, तर ऑइल तापल्यावर फुगतं हे खरंच आहे. साडेतीन लीटर ऑइल सकाळच्या २५ अंशावरून ९५ अंशावर गेलं तर दीडशे-पावणेदोनशे मिलीनं वाढतं. कंपनीनं मॅक्सची खूण मारताना हा हिशोब धरलेलाच असतो. म्हणजे आपल्या उन्हाळ्यासाठी ऑइल जास्त भरायचं कारण उलट्याच दिशेचं आहे. ऊन कडक म्हणून काळजी घ्यायची असेल तर पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं ऑइल वेळेवर बदला आणि कूलंट बघा.

डिझेलची एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला पाहिजे. इंटरकूलरमध्ये ऑइल साचलेलं असताना चढावर किंवा ओव्हरटेकला जोरात रेस दिली, तर ते एकदम इंजिनात ओढलं जाऊ शकतं. डिझेल इंजिन ऑइलवरही चालतं. मग आरपीएम आपोआप चढतात, मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठतो, आणि किल्ली फिरवली तरी इंजिन बऱ्याचदा बंद होत नाही, कारण त्याला मिळणारं इंधन टाकीतलं नसतंच. हे क्वचित घडतं. पण घडलं तर काही सेकंदांत ठरवावं लागतं. गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरा, हँडब्रेक ओढा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच झटक्यात सोडा. इंजिन दम कोंडून बंद पडतं. ते जमलं नाही तर सगळ्यांना उतरवून लांब न्या. बॉनेट उघडून हवेच्या पाइपावर हात किंवा कापड दाबायला जाऊ नका. इंजिन ते आत ओढून घेतं आणि फुटलं तर समोर तुम्हीच असता.

म्हणून माझा हिशोब असा आहे. वरच्या खुणेच्या तीन-चार मिलिमीटर वर असेल, म्हणजे दोनशे मिलीच्या आत, तर तसंच राहू द्या, त्यानं काही होत नाही. दोन खुणांमधल्या अंतराच्या निम्म्यापर्यंत वर असेल तर हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही, पण लांबचा प्रवास नको. त्याहून वर, जसं तुमचं आहे, तर गाडी गॅरेजकडे नेण्याआधी निदान थोडं तरी ऑइल काढून घ्यावं. डिझेलला हा नियम पाळाच, पेट्रोलला थोडी सूट चालते.

काढायचं कसं? घरी करायचं असेल तर गेजच्या नळीतून वर ओढायचं, चेंबरचा खालचा नट उघडायचा नाही. मेडिकलवर ५० किंवा ६० मिलीची मोठी सिरिंज मिळते. गेजच्या नळीत सहज उतरेल अशी बारीक, पण कडक पारदर्शक नळी लागते, साधारण ४-५ मिलिमीटर जाडीची. माशांच्या टाकीला हवेसाठी वापरतात ती नळी काही गाड्यांत उतरते, काहींत अडकते. आधी गेजला लावून बघा, गेजपेक्षा फार जाड नको. गवंड्याची लेव्हल ट्यूब जाड पडते. नळी नवीच घ्या, कारण आत गेलेली माती पुसून काढता येत नाही. गेज जेवढं लांब तेवढ्या मापावर नळीला पेनानं खूण करा, म्हणजे ती आत चेंबरपर्यंत गेली की नाही ते कळतं. ऑइल कोमट असलं की लवकर ओढलं जातं. त्यासाठी इंजिन सुरू करायची गरज नाही, गाडी दुपारी उन्हात दोन तास उभी केली तरी आपल्याकडे ऑइल पुरेसं पातळ होतं. नळी तोंडानं ओढू नका. इंजिन ऑइल तोंडात जाणं वाईट, आणि वापरलेलं तर त्याहून वाईट. हातमोजे घाला, नाहीतर काम झाल्यावर साबणानं कोपरापर्यंत हात धुवा.

सिरिंजनं ५० मिलीच्या दहा फेऱ्या झाल्या की अर्धा लीटर निघतं. बाहेर आलेलं ऑइल लीटरची खूण असलेल्या स्वच्छ बाटलीत ओतत जा, मोजमाप आपोआप होतं. अर्धा लीटर झालं की थांबा, पाच मिनिटांनी गेज बघा. मग शंभर-शंभर मिली काढत या. पातळी मॅक्सच्या खुणेवर किंवा तिच्या दोन-तीन मिलिमीटर खाली आली की बस झालं.

चेंबरचा नट उघडून “थोडंसं” सोडायचा मोह होतो, तो घरी करू नका. नवं ऑइल पाण्यासारखं धावतं. नट सुटला की पाऊण लीटर जायला फार वेळ लागत नाही आणि नट परत लावेपर्यंत ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत आलेलं असतं. त्या घाईत नट आट्यांवर तिरका बसतो. चेंबर अॅल्युमिनियमचं असेल तर आटे जातात आणि साधं काम हजारांत जातं. शिवाय नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली माणसानं शिरायचं नाही. यात सूट नाही. गॅरेजवर मात्र रॅम्प असतो, मेस्त्री नट शेवटच्या आट्यापर्यंत सैल करून अंगठ्यानं वर दाबून धरतो आणि ऑइल धारेनं सोडतो. तिथे हे चालतं. नटाचं वायसर नवीन टाकायला सांगा. अंबाजोगाईत व्हॅक्युम पंपाची मशीन असलेलं गॅरेज सापडलं तर सगळ्यात उत्तम, ते गेजच्या नळीतूनच पाच-दहा मिनिटांत काढतात.

ऑइल मुळात जास्त पडतं कसं? काही ठिकाणी इंजिन बंद केल्या-केल्या गेज बघतात. ऑइल अजून वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात असतं, गेज कमी दाखवतं, पोरगं अजून ओततं. काही ठिकाणी थंड इंजिनचं ऑइल सोडतात किंवा गाडी तिरकी असते, जुनं पाव-अर्धा लीटर आतच राहतं आणि वरून नव्याचं पूर्ण माप पडतं. कुठे एक पोरगा जेवायला जातो आणि दुसरा पुन्हा ओततो. आणि ४ लीटरचा डबा बिलाला लावला म्हणून सगळाच रिकामा करायचा, हे तर सर्रास चालतं. तुमच्याकडे बहुधा हेच झालंय. पुढच्या वेळी समोर उभं राहून भरायला लावा आणि उरलेला डबा घरी घेऊन या, तो तुमच्या पैशाचा आहे.

इथे थोडं थांबून बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा सरकारी निकष) डिझेलवाल्यांसाठी वेगळं सांगतो. तुमची गाडी बीएस-४ आहे, त्यामुळे हे तुम्हाला लागू नाही. पण १ एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत धुराचा काजळीफिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. साचलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन काही वेळा जास्तीचं डिझेल सोडतं. गाडी सतत गावातल्या गावात फिरत असेल तर हे जाळणं अर्धवट राहतं आणि ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणजे कुणी काही न ओतता पातळी वाढते. जालन्यात बियाण्याच्या धंद्यातल्या एका गृहस्थांची गाडी अशीच आली होती, गोदाम ते दुकान, दुकान ते घर, दिवसभर दोन-दोन किलोमीटर. ड्रायव्हरनं दुसरीकडे जाऊन जादा ऑइल काढून घेतलं होतं आणि महिन्याभरात ते परत चढलं. गेज नाकाजवळ धरलं तर डिझेलचा वास, आणि बोटावर घेतलं तर चिकटपणा नाही, पाण्यासारखं. अशा वेळी थोडं काढून भागत नाही, कारण आत उरलेलंही पातळ झालेलं असतं. सगळं ऑइल आणि फिल्टर बदलावा लागतो आणि आठवड्यातून एकदा गाडी हायवेला अर्धा तास एका चालीनं पळवावी लागते. त्यांना मी जालना-देऊळगाव राजा रस्ता सुचवला. काही डिझेल गाड्यांच्या गेजवर मॅक्सच्या वर आणखी एक खूण असते, तिथपर्यंत पातळी आली की ऑइल बदला असा त्याचा अर्थ.

आणि गेजवर किंवा ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधी-पिवळसर मलई दिसली, पातळीही वाढलेली आणि कूलंट कमी झालेलं असेल, तर तो प्रकार हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर फुटून कूलंट ऑइलमध्ये मिसळल्याचा असू शकतो. ती गाडी सुरूच करू नका, ओढून न्या.

आता तुमच्या गाडीचं पुढचं. ऑइल काढल्यावर दोन जागा बघून घ्या. एअर फिल्टरची पेटी उघडा, ब्रीदरचा पाइप येतो त्या बाजूला ऑइलचा ओला ओघळ आहे का. आणि टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा रबरी पाइप, त्याच्या क्लिपखाली. थोडं तेलकट असतंच, डिझेलला ते चालतं. पण पाइप काढल्यावर चमचाभराहून जास्त ऑइल बाहेर सांडलं, तर इंटरकूलर उतरवून रिकामा करायला सांगा आणि मगच हायवेला लागा. साठ किलोमीटरच आली आहे, त्यामुळे तितकं नसेल असं मला वाटतं. नंतर गावातच दहा-पंधरा किलोमीटर फिरवा, रात्रभर उभी ठेवा, खाली पुठ्ठा अंथरा. सकाळी गेज पुन्हा बघा आणि पुठ्ठ्यावर डाग आहे का तेही. डाग नाही, धूर नाही, थंड स्टार्टला इंजिनाच्या वरच्या भागातून टॅपेटची टकटक नाही, तर निघा. वाटेत बीडला चहाला थांबाल तेव्हा एकदा मागे धुराकडे आणि गाडीखाली नजर टाका. ऑइलचा लाल दिवा क्षणभर जरी लुकलुकला तरी बाजूला घेऊन इंजिन बंद, “पुढच्या पंपापर्यंत जाऊ” असं नाही.

काढलेलं ऑइल साठ किलोमीटर चाललेलं आहे, बाटली स्वच्छ असेल तर झाकण घट्ट लावून, तारीख आणि ग्रेड लिहून ठेवा, पुढे पाव लीटर कमी पडलं तर त्याच गाडीला चालेल. काळं झालेलं, टाकाऊ ऑइल मात्र गॅरेजवाल्याच्या ड्रमात द्या. आपल्याकडे ते नाल्यात, उकिरड्यावर, कधी विहिरीच्या कडेला ओतलेलं बघितलंय मी. कायद्यानं ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि ज्या भागात मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते तिथे एखादी विहीर ऑइलनं नासवणं माझ्यानं बघवत नाही.

लातूरला गाडी न्यायची गरज नाही, पण गोष्ट तशीच सोडू नका. ऑइल काढायच्या आधी गेजचा फोटो काढा, दोन्ही खुणा आणि ऑइलची कड स्पष्ट दिसली पाहिजे. काढलेल्या ऑइलच्या बाटलीचा फोटो, जॉबकार्ड आणि ४ लीटरचं बिल एकत्र ठेवा. हे सगळं वर्कशॉपच्या मॅनेजरला व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर लेखी पाठवा आणि दोन गोष्टी मागा: जादा लावलेल्या ८०० मिलीचे पैसे परत, आणि पुढच्या काही महिन्यांत ऑइल सील किंवा टर्बोचा त्रास निघाला तर या सर्व्हिसिंगची नोंद धरली जाईल असं लेखी. नीट बोललं तर बहुतेक जण ऐकतात. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. बिलाची मूळ प्रत तुमच्याजवळच ठेवा, त्यांना फोटोच द्या.